काकूचा एकशे अठरा

सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, खरंच. पण बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत राहून आपली फजिती आपण सांगितली नाही तर ती दुसरे सांगतात. आणि दुसऱ्यांच्या तोंडून ऐकाल तर त्यात सनई-चौघडा असतो, पंगत असते, वर पंगतीत दराब्याचं गोडही वाढलेलं असतं. तेव्हा चहा घ्या आणि माझ्याकडूनच ऐका. सनई नव्हती. पंगत नव्हती. बाकीचं, दुर्दैवानं, सगळं खरं आहे.

मी नुकताच नागपुराहून बी. एस्सी. होऊन आलो होतो. आल्याबरोबर बुऱ्हाणपूर सुधारायचं होतं, फक्त कुठून सुरुवात करावी ते ठरत नव्हतं. गटारं, म्युनिसिपालिटी, शाळेतली छडी, गोऱ्या साहेबाचं राज्य... यादी मोठी होती आणि मी एकटा! त्यात काकूचं डोकं दुखायला लागलं आणि माझा प्रश्न सुटला.

काकू म्हणजे माझी सख्खी चुलती. आई-वडील मी लहान असतानाच गेले, मला वाढवलं ते काकूनं. काका जाऊन अकरा वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. काकूची एकुलती एक मुलगी सुमन, ती फोपनारला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. दुसरं सासरीच करायचं ठरलं होतं, पण सासरी सासू नाही, नणंद नाही. केळीच्या बागेत दिवसभर राबणारा नवरा आणि दोन वर्षांची पोर, एवढाच संसार. म्हणून काकूनं जायचं होतं. डिंकाचे लाडू वळून डबा भरला होता, दुपट्यांना टाके घालून झाले होते. आणि नेमकी तिला चक्कर यायला लागली.

मी तिला राजपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नवीनच रक्तदाबाचं यंत्र आणलं होतं. लाकडी पेटी, तिच्यात काचेची नळी, नळीत पारा. गावात त्या पाऱ्याचा असा दरारा की माणसं पेटीला नमस्कार करून हात पुढे करत!

आता त्या दवाखान्यात दाब कसा मोजत, ते ऐका.

खोलीच्या मधोमध पडदा. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. पडद्याला मधे एक चीर. बाईनं त्या चिरेतून हात बाहेर काढायचा. चेहरा दिसायचा नाही, आवाज यायचा नाही, फक्त हात! डॉक्टर टेबलाशी बसून चिठ्ठ्या लिहिणार, आणि त्या हाताला पट्टा बांधणार कोण? मोतीराम कंपाउंडर. शिक्षण मराठी चौथी. पट्टा कुठे बांधणार? पोलक्याच्या बाहीवरून! बाई उभी, हात लोंबतोय, यंत्र खाली स्टुलावर, आणि मोतीराम एकीकडे रबरी फुगा दाबतोय, दुसरीकडे विचारतोय, "क्यों बाई, यंदा कपाशी काय म्हणते?"

आणि मग आकडा. तो कागदावर लिहीत नसत. मोतीराम तो लिलावातल्या बोलीसारखा ओरडून सांगत असे. "एकशे नव्वद!"

सगळा पुरुषवर्ग कौतुकानं पडद्याकडे बघू लागला. एका शेटजींचा आदल्या आठवड्यात एकशे ऐंशी आला होता. ते चक्क खट्टू झाले.

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "मीठ बंद. जिना चढायचा नाही. बैलगाडीत बसायचं नाही."

"म्हणजे फोपनार...?" मी विचारलं.

"फोपनार नाही, काही नाही. महिनाभर घरात."

चिरेतला हात हळूच आत गेला. घरी आल्यावर काकूनं लाडवांचा डबा उचलून फडताळात मागे सरकवला, आणि तो सरकवताना तिनं जो उसासा टाकला, तो ऐकून माझ्या अंगातलं सगळं विज्ञान उसळून आलं.

हे मोजणं आहे? नागपुरात माझा एक मित्र मेडिकल स्कुलात होता. त्याच्या खोलीवर पडलेल्या जाड पुस्तकाची वीस पानं मी वाचली होती. वीस! बुऱ्हाणपुरात कुणी एक तरी वाचलं होतं का? त्यात स्वच्छ लिहिलं होतं. रोग्यानं पाच मिनिटं शांत बसावं. दंड उघडा असावा. हात काळजाच्या उंचीवर टेकलेला असावा. कुणी बोलू नये. या चारांपैकी राजपुऱ्यात किती पाळत होते? शून्य! बाहीचा दाब, उभं राहिल्याचा दाब आणि कपाशीच्या भावाचा दाब एकत्र करून ते काकूच्या नावावर चढवत होते!

त्या रात्री मी खंडव्याच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं, 'दवाखाना की अंदाजखाना?' सकाळी डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिलो.

"पुन्हा मोजा. नियमाप्रमाणे. आणि तुम्ही स्वतः मोजा, कंपाउंडर नको."

डॉक्टर पन्नाशीचे, विधुर, शांत गृहस्थ. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मोतीराम बारा वर्षं माझ्याकडे आहे."

"यंत्र तर चारच महिने आहे!"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मला वाटलं, जिंकलो! "बरं, उद्या घेऊन या," ते म्हणाले.

खरी लढाई घरी झाली.

"उघडा दंड?" काकू म्हणाली. "परक्या माणसापुढे? माधू, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"काकू, हा विज्ञानाचा प्रश्न आहे."

"मग विज्ञानाचा दंड उघडा कर. माझा नाही होणार."

"पण नीट मोजलं तर कमी येईल! मग तुला सुमनकडे जाता येईल!"

यावर मात्र तिनं फडताळाकडे बघितलं. मग म्हणाली, "कमी आला तर नक्की जाऊ देतील?"

"लिहून देतील!"

"ठीक आहे. येते. पण सोबतीला यशोदा येईल."

यशोदावहिनी म्हणजे शेजारची. धट्टीकट्टी, दोन घागरी कडेवर आणि एक डोक्यावर घेऊन घाट चढणारी. मी म्हटलं, येऊ दे की! पडद्यापलीकडे दहा बायका बसल्या तरी विज्ञानाला काय फरक पडतो?

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याचा ताबाच घेतला. पडद्यामागे खुर्ची ठेवायला लावली. अलीकडे टेबल, टेबलावर उशी, उशी काळजाच्या उंचीला. पाच मिनिटं घड्याळ लावून सगळ्यांना गप्प बसवलं. शेटजींना खोकला आला तर तोही परत पाठवला! मग मी गंभीर आवाजात म्हणालो, "हात बाहेर."

चिरेतून हात आला. दंडापर्यंत उघडा, भरदार. उशीवर टेकला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत चढून पट्ट्याच्या आड येत होत्या.

"बांगड्या जरा खाली सारा," मी म्हणालो. "पट्ट्याला अडतायत."

बांगड्या खळखळत मनगटाकडे गेल्या.

खोलीत अशी शांतता पसरली, की मला धन्य वाटलं. केवढा हा शिस्तीचा परिणाम! मिलमधला एक कारकून तोंड उघडं टाकून बघत होता. शेटजींनी पगडी सारखी केली. मोतीराम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माधवबाबू, एक बात..."

"बोलायचं नाही!" मी गरजलो. "मोजताना बोलायचं नाही, हा पहिला नियम!"

"पण बाबू, हा हात..."

"मोतीराम!"

तो बिचारा मागे सरला. डॉक्टरांची नजर पाऱ्यावर होती, माझी पाऱ्यावर होती. आम्ही दोघं विज्ञानाची माणसं ना! पारा डुलत डुलत खाली आला.

"एकशे अठरा," डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःच चकित झाले.

मी पुरुषवर्गाकडे वळून छोटंसं भाषण केलं. काय काय बोललो ते आता आठवावंसं वाटत नाही. 'अंधार' हा शब्द चार वेळा आला, एवढं लक्षात आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली, काकू परतली की दर आठवड्याला स्वतः घरी येऊन मोजायचं कबूल केलं, आणि गुरुवारी गाडी जुंपायची ठरली. घरी जाताना काकू आणि यशोदावहिनी मागून येत होत्या. दोघींनी पदर तोंडात कोंबला होता. मला वाटलं, आनंदानं!

संध्याकाळी बाहेर पडलो तर काय! बुधवाऱ्यातल्या ज्या पारावर मला कुणी विचारत नव्हतं, तिथे माणसं उठून उभी राहिली.

पहिले भेटले आमच्या गल्लीतले जुने वकील, गणपतराव. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "माधवराव, हे काही बरं केलं नाहीत तुम्ही. घराण्याचा विचार करायचा."

"विचार करूनच केलं," मी ताठ मानेनं म्हणालो. "आणि चारचौघांत केलं. लपवायचं काय त्यात?"

"काकू तयार झाल्या?"

"आधी लाजल्या. मी समजूत घातली."

"आणि डॉक्टर?"

"ते का-कू करत होते. पण मी त्यांनाही तयार केलं. आता दर आठवड्याला ते स्वतः घरी येणार आहेत!"

गणपतराव दोन पावलं मागे सरकले. त्यांनी खिशातून रुद्राक्षाची माळ काढली.

पुढे वाचनालयापाशी आमची तरुण मंडळी होती. त्यांनी मला चक्क हार घातला! केळीच्या सोपटाच्या दोरीला झेंडू बांधलेला, पण हार तो हारच.

"धन्य आहे तुझी! या गावात पहिला तू!" एक जण म्हणाला.

"आपापल्या घरापासून सुरुवात करा," मी म्हणालो. "तुमच्याही घरी असतील ना काकू, आत्या, मावश्या? न्या त्यांना डॉक्टरांकडे!"

मंडळी जरा चपापली. "त्याच डॉक्टरांकडे? सगळ्यांना?"

"मग? डॉक्टर काय एकट्या माझ्या काकूचे आहेत?"

एका रक्तदाबाची गावाला एवढी किंमत, हे बघून माझा ऊर भरून आला. अहो, मला जरा तरी शंका यायला नको होती का? आली नाही. माणसाला हार घातला की त्याची शंका मरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसून साप्ताहिकाला दुसरं पत्र लिहीत होतो, 'अंदाजखान्याचा पराभव'. इतक्यात धुरळा उडवत एक बैलगाडी आली आणि तिच्यातून सुमनचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, उतरले. हातात काठी.

"काय रे भो!" दाजी गल्ली दणाणेल अशा आवाजात म्हणाले. "कुठं शे तो नवरदेव?"

"कोण नवरदेव?"

"बन मत! फोपनारच्या बाजारात सगळे तेच बोलून राहिले. सासूबाईचं लगन लावलं तू! डॉक्टरसंगं! हिरवा चुडा भरून! अन् आमाले पत्ता नाही? सुमननं रडून रडून रात्र काढली!"

मी हसलो. खरंच हसलो! "दाजी, कुणी सांगितलं? आमच्या काकूनं बांगड्या कुठे..."

आणि वाक्य तिथेच अडकलं. कानात बांगड्या खळखळल्या. माझाच आवाज ऐकू आला, 'जरा खाली सारा'. डोळ्यांसमोर तो भरदार हात आला. अकरा वर्षं ज्या मनगटांत एक काकण नाही, ती मनगटं रोज सकाळ-संध्याकाळ मला वाढत होती, आणि मी... जाऊ द्या.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोण दिसावं? डॉक्टर! स्वच्छ कोट घातलेले, हातात पेटी, मागे मोतीराम. ओट्याशी येऊन अदबीनं म्हणाले, "काकूंना भेटायचं होतं."

दाजींनी काठी उगारली.

पुढचं अर्धं मिनिट मी कसं काढलं ते विचारू नका. दाजींच्या कमरेला मिठी मारून मी ओरडत होतो, "नाही हो, नाही! लग्न नाही, काही नाही! आमच्या घरात असलं होईल का? भलतंच! बांगड्या? आमच्याकडे? शक्य तरी आहे का! चांगल्या घरातली माणसं आहोत आम्ही!"

गल्लीतली सगळी दारं उघडी होती. माझी तरुण मंडळी हाराचा उरलेला झेंडू घेऊन कोपऱ्यावर उभी होती. आणि नेमकी काकू दारात आली.

"माधू," ती शांतपणे म्हणाली, "नागपूरला विधवांच्या लग्नावर भाषण करून तू ढाल जिंकलीस ना रे? पत्र आलं होतं."

ढाल आत खुंटीवर टांगलेली होती!

मग सगळे आत आले आणि उलगडा झाला. दंड उघडा करणं काकूला जमणार नव्हतं. पण सुमनकडे तर जायचंच होतं. म्हणून खुर्चीवर यशोदावहिनी बसली.

"मला वाटलं, तू हात बघताक्षणी ओळखशील," काकू म्हणाली. "ओळखलंस तर घरी परत येऊ, एवढंच. तर तू बाहेरून ओरडतोस, बांगड्या खाली सारा! यशोदा खुर्चीवरून पडता पडता वाचली."

"मी तर बोलत होतो," मोतीराम म्हणाला. "बाबूंनी चूप बसवलं. अहो, बारा साल झाली, या मोहल्ल्यातले हातच बघतोय मी. चेहरा एकीचा माहीत नाही, पण हात? सगळे ओळखतो. काकूंच्या हाताला कोपराखाली भाजल्याची खूण आहे, लांबट. कालच्या हाताला नव्हती. रात्री साहेबांना सांगितलं, म्हणून तर आलो."

"आणि ते बाहीवरून मोजणं?" मी शेवटचा किल्ला लढवला.

"बाहीचे दहा कमी करूनच बोलतो ना, बाबू. डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच महिन्यात उघड्या दंडावर अन् बाहीवर दोन्ही करून बघितलं. माझ्यावरच. तुमच्या काकूंचा यंत्रात दोनशे होता. मी एकशे नव्वद बोललो."

डॉक्टरांनी पेटी उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नियम तुमचे बरोबर आहेत. आम्ही बाहेर थांबतो. तुम्ही घरचे आहात, पट्टा तुम्ही बांधा."

पाच मिनिटं शांत बसवलं. उशी घेतली. काकूनं यशोदावहिनीकडे बघितलं, मग भिंतीकडे तोंड केलं आणि बाही वर सारली. मी वाकून पट्टा बांधला, फुगा दाबला, नळी कानाला लावली आणि पाऱ्यावर डोळे रोवले. वीसच्या वीस पानांतला प्रत्येक नियम पाळला.

एकशे नव्वद.

काकूला दूधखुळी समजून मी आकडा पुटपुटलो. पण तिनं ऐकला. फडताळाकडे बघत म्हणाली, "म्हणजे नाहीच जायचं."

यावेळी मला भाषण सुचलं नाही. दाजींनीच काठी कोपऱ्यात ठेवली आणि घसा खाकरला. "सासूबाई, तुमी काय येता? मी सुमनले घेऊन येतो. गाडीत केळीची पानं, पानावर दोन गाद्या. हळूहळू आणतो. बाग काय, शेजारी पाहील. अन् हा शे ना, बियेस्सी! पाणी तर भरंल!"

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं डबा पुन्हा पुढे ओढला.

शनिवारी सुमन आली. पंधरा दिवसांनी तिला मुलगा झाला. तिची बाळंतपणाची धावपळ यशोदावहिनीनं केली आणि काकूनं खाटेवरून हुकूम सोडले. मोतीराम दर आठवड्याला येई, बाहीवरून मोजी, दहा कमी करी. महिन्याभरात काकूचा दाब दीडशेवर आला. साप्ताहिकानं माझं पहिलं पत्र छापलं, दुसरं मी पाठवलंच नाही. अगदी सुरळीत चाललं होतं. मलाही जरा धीर आला होता.

बारशाच्या आदल्या दिवशी घरातले सगळे जेवायला बसले होते. वाढायला आता मीच असतो, तेवढं प्रायश्चित्त घेतलंय; सगळ्यांना वाढून मीही नुकताच पानावर बसलो होतो. सुमन बाळाला मांडीवर घेऊन सहज म्हणाली, "दादा, एक विचारू? मोतीराम म्हणतो ती भाजल्याची खूण. तू सहा वर्षांचा होतास, पेटत्या चुलीकडे धावलास, तेव्हा तुला ओढताना आईला झाली ती. कुठल्या हाताला आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकूनं दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले.

मी कच्चा राहिलो नव्हतो हो! तो पट्टा मी स्वतःच्या हातानं बांधला होता, पाच मिनिटं तिच्या हाताजवळ वाकून बसलो होतो!

"उजव्या!" मी ठणकावून सांगितलं.

काकूनं पदराखालून डावा हात काढला, कोपराखालची लांबट खूण माझ्यासमोर धरली आणि उजव्या हातानं माझ्या पानात आपली अळणी आमटी वाढली.